सहीपाशी अडलेली पदवी

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या इंग्लंडमधल्या दोन जुन्या विद्यापीठांत पदवी मिळवण्यासाठी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वत्तेबरोबर धर्मनिष्ठेचीही खात्री द्यावी लागे. ही खात्री एका सहीने दिली जाई. चर्च ऑफ इंग्लंडची श्रद्धा एकोणचाळीस कलमांत मांडलेली होती. ती कलमे मान्य असल्याचे विद्यार्थ्याने लिहून द्यायचे, मगच पुढचे दार उघडे.

ऑक्सफर्डमध्ये ही अट 1581 साली आली. लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली तेव्हा विद्यापीठाचा कुलपती होता. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाने नाव दाखल करतानाच कलमांवर सही करावी, असा नियम झाला. त्याचा रोख मुख्यतः कॅथलिकांवर होता. केंब्रिजची वाट थोडी वेगळी होती. तिथे प्रवेशाच्या वेळी सही मागत नसत. पहिल्या जेम्स राजाच्या हुकमाने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती पदवीच्या वेळी मागितली जाऊ लागली. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पुढे तोच महत्त्वाचा ठरला. ऑक्सफर्ड परधर्मी किंवा परपंथी विद्यार्थ्याला उंबऱ्यावरच थांबवत असे. केंब्रिज त्याला आत घेई, शिकवी, परीक्षेलाही बसू देई आणि पदवीच्या दिवशी रिकाम्या हाताने परत पाठवी.

सही झाली म्हणजे सगळे संपले असे नव्हते. आर्चबिशप लॉड याने 1636 साली ऑक्सफर्डसाठी जी नियमावली लागू केली, तिच्यात आचरणाचे एक स्वतंत्र प्रकरण होते. केस किती वाढवायचे, कोणता पोशाख घालायचा, हे त्यात ठरवून दिले होते. दारूचे गुत्ते आणि तंबाखूची दुकाने वर्ज्य होती, फासे आणि पत्ते बंद होते, कुत्री घेऊन शिकारीला जाण्यास मनाई होती. करमणुकीपुरते धनुष्यबाण सोडले तर शस्त्र बाळगता येत नसे. कॉलेजच्या चॅपेलमधली हजेरी हा तर रोजच्या दिवसाचाच भाग होता. मात्र अति भक्तीही चालत नसे. 1768 साली सेंट एडमंड हॉलमधल्या सहा विद्यार्थ्यांना ऑक्सफर्डने काढून टाकले. ते मेथडिस्ट विचारांचे होते आणि खासगी घरांत जमून प्रार्थना करत, बायबलचे निरूपण करत, स्तोत्रे गात, हा त्यांच्यावरचा एक मुख्य आक्षेप होता. धर्माचरण हवे होते, पण ते विद्यापीठाने आखलेल्या चौकटीतले.

या व्यवस्थेचा खरा भार पदवीधरांवर पडे. एम.ए. ही तेव्हा केवळ आणखी एक परीक्षा नव्हती. त्या पदवीने विद्यापीठाच्या कारभारात मत मिळे. कॉलेजचा फेलो होणे म्हणजे राहण्या-जेवणाची सोय, उत्पन्नातला वाटा आणि अभ्यासाला मोकळा वेळ. त्या बदल्यात फेलोने अविवाहित राहायचे आणि बहुतेक कॉलेजांत ठरावीक मुदतीत धर्मगुरूची दीक्षा घ्यायची. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आयझॅक न्यूटनपुढे हाच पेच उभा राहिला. खाजगीत तो देवाच्या त्रैक्याचा सिद्धांत मानत नव्हता. 1675 साली दुसऱ्या चार्ल्स राजाने गणिताच्या लुकेशियन प्राध्यापकाला, म्हणजे न्यूटनच्या पदाला, दीक्षेच्या अटीतून सूट दिली आणि न्यूटन वाचला. आपली मते त्याने हयातभर झाकून ठेवली. त्याच्या जागी आलेल्या विल्यम व्हिस्टनने तशीच मते उघडपणे मांडली. त्याला 1710 साली विद्यापीठातून घालवण्यात आले. सहीची पद्धत माणसाची श्रद्धा मोजू शकत नव्हती, हे या दोघांच्या कथेतून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही. गप्प राहणारा टिकला आणि खरे बोलणारा गेला.

सहीची सक्ती काढावी असा अर्ज 1772 साली पार्लमेंटपुढे आला. त्यावर बऱ्याच धर्मगुरूंच्याच सह्या होत्या. कॉमन्स सभेने तो 217 विरुद्ध 71 मतांनी फेटाळला. केंब्रिजने मात्र त्याच साली बी.ए.साठी कलमांवरची सही सोडून दिली आणि आपण चर्च ऑफ इंग्लंडचे प्रामाणिक सभासद आहोत एवढे निवेदन पुरेसे मानले. परपंथीयांना त्याचा उपयोग नव्हता.

एकोणिसाव्या शतकात या नियमाने गाठलेली माणसे पाहिली की नुकसान किती मोठे होते ते कळते. मदुराईत जन्मलेला ऑगस्टस डी मॉर्गन 1827 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत चौथा आला, म्हणजे चौथा रँग्लर झाला. एम.ए.साठी लागणारी धर्मविषयक सही त्याच्या मनाला पटेना. एम.ए. गेली, फेलोशिपही गेली. लंडनमध्ये नुकत्याच निघालेल्या, धर्माची अट नसलेल्या आणि पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणवलेल्या संस्थेने त्याला 1828 साली गणिताचा प्राध्यापक नेमले. सेंट जॉन्स कॉलेजचा जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर 1837 साली दुसरा रँग्लर ठरला. तो ज्यू होता, त्यामुळे त्याला बी.ए.सुद्धा मिळाली नाही. त्याने पदव्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून घेतल्या.

1834 साली कॉमन्सने ही अट काढण्याचे विधेयक मंजूर केले, पण लॉर्ड्स सभेने ते पाडले. पुढे 1854 च्या कायद्याने ऑक्सफर्डची आणि 1856 च्या कायद्याने केंब्रिजची बी.ए. सर्वांना खुली झाली. कारभारातला मताधिकार आणि फेलोशिप मात्र चर्चच्या सभासदांसाठीच राखून ठेवली. विद्यार्थ्याला सूट आणि पदवीधराला बंधन, अशी ही तडजोड फार दिवस टिकण्यासारखी नव्हती. 1869 साली ट्रिनिटीचा न्यूमा हार्टोग हा ज्यू विद्यार्थी पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर आला, तरी फेलोशिप त्याच्या हाती लागेना. त्याच वर्षी त्याच कॉलेजच्या हेन्री सिजविकने आपली फेलोशिप सोडली. ज्या श्रद्धेच्या अटीवर ती मिळाली होती ती आता आपल्यात उरली नाही, हे त्याचे कारण. ते पद मुकाट्याने सांभाळणे त्याला सहज शक्य होते. धर्मसंस्थेशी बाह्यतः जुळवून घेण्यातले नैतिक प्रश्न त्याने पुढच्याच वर्षी एका पुस्तिकेत तपासले.

पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने आणलेला विद्यापीठ कसोटी कायदा 16 जून 1871 रोजी मंजूर झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरॅम येथे धर्मशास्त्राच्या पदव्या वगळता कोणत्याही पदवीसाठी किंवा पदासाठी धर्मनिष्ठेची सही मागता येणार नाही, असे ठरले. चॅपेलमधल्या प्रार्थना चालूच राहिल्या. हार्टोगने लॉर्ड्सच्या समितीपुढे याच प्रश्नावर साक्ष दिली होती. कायदा झाला त्याच महिन्यात तो पंचविसाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेला. सिल्व्हेस्टरला केंब्रिजची पदवी 1872 साली मिळाली, परीक्षेनंतर पस्तीस वर्षांनी. फेलोंच्या विवाहावरची बंदी 1882 पर्यंत बहुतेक ठिकाणी उठली.

सिल्व्हेस्टरच्याच सेंट जॉन्स कॉलेजात 1896 साली दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दाखल झाले. 1899 साली ते सीनियर रँग्लर ठरले आणि पुढे त्याच कॉलेजचे फेलो झाले. उघडपणे बुद्धिवादी असलेल्या या हिंदू तरुणाला त्यासाठी कोणत्याही कलमावर सही करावी लागली नाही.