डेंकालीच्या आधीचा वेताळ

इंद्रजाल कॉमिक्स वाचत वाढलेल्यांना वेताळ म्हटलं की कवटीची गुहा, बुटके बंदर आणि डेंकालीचं जंगल एका दमात आठवतं. हे सगळं पहिल्या दिवसापासून असंच होतं, ही समजूत मात्र वर्तमानपत्रातल्या मूळ पट्ट्या समोर ठेवल्या की टिकत नाही.

वेताळ म्हणजे मूळ इंग्रजीतला फँटम; त्याची पहिली पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ची. लेखक ली फॉक, वय २४. चित्रकार रे मूर. कथा सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. डायना पामर आहे, तिच्यावर जीव टाकणारा जिमी वेल्स हा श्रीमंत रिकामटेकडा आहे आणि अंधारातून येऊन गुंडांना लोळवणारा एक बुरखेधारी आहे. जंगलाचा पत्ताच नाही. दिवसा ऐदी असलेला जिमीच रात्री फँटम होतो, असा मूळ बेत होता आणि तो कथा चालू असतानाच बदलला, असं फॉकने पुढे सांगितलं. लेखकांच्या उतारवयातल्या आठवणी जपूनच घ्याव्यात. ही मात्र ग्राह्य धरावी, कारण एवढ्या थाटात आणलेला जिमी पुढे वाऱ्यावर सोडलेला पट्ट्यांतच दिसतो.

नायक जंगलात गेला आणि त्याला चारशे वर्षांची वंशावळ मिळाली: चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून बंगालच्या किनाऱ्याला लागलेला पूर्वज आणि कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ. हे बंगाल भूगोलातलं नव्हेच. फॉकने किपलिंगच्या मोगलीचं ऋण मान्य केलंय; बुटक्यांचं ‘बंदर’ हे नावही तिथल्या बंदर-लोगांचं. म्हणजे धागा पोचतो आपल्या नागपूर-जबलपूर रस्त्यावरच्या, मोगलीच्या सिवनीपर्यंत. गंमत अशी, की किपलिंग स्वतः सिवनीला गेला नव्हता असंच मानतात. त्याची भिस्त स्टर्नडेलच्या सिवनीवरच्या १८७७ च्या पुस्तकावर. आणि फॉक? जग फिरून आल्याची त्याने थाप मारली होती!

पोशाखाचा रंगही मूळ बेतासारखा राहिला नाही. फॉकच्या मनातला पोशाख करडा होता. २८ मे १९३९ ला रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा तो छापला गेला जांभळा.

मार्च १९६४ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल सुरू केलं, तेव्हा कथेवर आणखी एक हात फिरला. बंगालची डेंकाली झाली, सिंग चाच्यांचे सिंगा झाले, वेताळाच्या बापाला मारणारा रामा ‘रामलू’ झाला. भारतीय वाचकाला काय खुपेल याचा अंदाज घेऊन केलेले हे बदल. संपादकांची ही कात्री मला रास्त वाटते. सुरुवातीच्या काही अंकांत पोशाख तर चक्क निळा आहे.

मूळ इंग्रजी पट्ट्या आता पुस्तकरूपात मिळतात. मराठी इंद्रजालचे अंक मात्र बरेचसे घरोघरच्या माळ्यांवरच असतील. नागपुरात महालात, धंतोलीत कुणाकडे गठ्ठा असेल, तर रद्दीत घालण्याआधी निदान प्रत्येक अंकाचा क्रमांक, महिना आणि आतला पोशाखाचा रंग तेवढा टिपून ठेवा.