पथ्याचा तांदूळ

दुबळ्या पचनाच्या माणसासाठी तांदूळ निवडण्याचे जे नियम मराठी घरांतून आजही पाळले जातात, त्यांची जुनी आणि तपशीलवार नोंद चरकसंहितेत सापडते. सूत्रस्थानाच्या २७व्या अध्यायात धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध, पाणी असे वर्ग पाडून प्रत्येकाचे गुण दिले आहेत. तांदळात लाल साळ श्रेष्ठ ठरवली आहे आणि साठ दिवसांत हाताशी येणाऱ्या साठीच्या भाताचीही वाखाणणी केली आहे. जे पीक लवकर तयार होते ते पचायला हलके, असा ठोकताळा त्यामागे आहे. कडधान्यांत पहिला मान मुगाचा. धान्याच्या वयाचा विचारही तिथेच येतो: नवे जड, वर्ष उलटलेले चांगले. नीट धुतलेला, पेज निथळलेला, पुरता शिजलेला आणि गरम भात हलका. न धुतलेला, पेज न काढलेला आणि गार झालेला जड, इथपर्यंत बारकावे आहेत.

सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात २८ यवागू, म्हणजे पातळ पेजेचे प्रकार, सांगितले आहेत. कवठ, बेल, आंबुशी, ताक आणि डाळिंब घालून केलेली पेया पाचक व जुलाब आवरणारी मानली आहे. पेजेच्या दाटपणाचेही माप ठरलेले होते. वैद्यकातल्या प्रचलित परिभाषेप्रमाणे तांदळाच्या चौदापट पाण्यात मंड होतो, सहापट पाण्यात यवागू आणि चौपट पाण्यात विलेपी. वमन-विरेचनानंतर रोग्याला एकदम जेवायला बसवत नसत. आधी पेया, मग विलेपी, मग डाळीचे सार आणि शेवटी मांसरस, असा १२ जेवणांचा, साधारण सात दिवसांचा क्रम असे. हा क्रम विसरता कामा नये. पेज हे परतीच्या वाटेवरचे पहिले ठिकाण होते, तिथे कोणाला मुक्कामाला ठेवायचे नव्हते. पुढच्या काळात पथ्य म्हणजे नुसते पातळ अन्न अशी जी समजूत पसरली, तिने रोग्यांचे नुकसानच केले.

राजवाड्यांतही तांदळाची पारख बारकाईने होत असे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त तांदळाच्या आठ जाती दिल्या आहेत. मराठी वाचकाला त्याहून जवळचा ग्रंथ म्हणजे ‘भोजनकुतूहल’. तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी तो संस्कृतात लिहिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याचा काळ १६७५ ते १७०० असा ठरवला. जुन्या वैद्यक ग्रंथांतले गुणदोष एकत्र करताना ग्रंथकाराने पदार्थांची लोकांच्या तोंडची नावेही दिली आहेत. त्यामुळे शास्त्रातले पथ्य आणि चुलीवरचे पथ्य एकमेकांपासून दूर नव्हते, हे या ग्रंथावरून कळते.

गोव्याचा पुरावा त्याहूनही आधीचा आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधींवरचे आपले पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले. मोडशीच्या, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या साथरोगाच्या, प्रकरणात तो सांगतो की इथले वैद्य रोग्याला मिरी आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात. या पाण्याचे खरे मोल कळायला मात्र पुढे चार शतके जावी लागली.

दरम्यान घरोघरची रीत आपापल्या पिकाप्रमाणे घडत गेली. कोकणात आणि गोव्यात रोजचीच पेज उकड्या तांदळाची. पोट बिघडले की तीच अधिक पातळ होई. तांदूळ कोरडे भाजून, जाडसर भरडून केलेली पेज आणखी हलकी समजत. उलट्या होत असतील तर साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून ते पाणी चमच्याचमच्याने द्यायचे. त्यानंतर मुगाचे कढण, मग गुरगुट्या भात आणि वर मेतकूट-तूप. देशावर तांदूळ मुळातच कमी. भात सणावाराला नाहीतर आजाऱ्याला. तिथे ज्वारीच्या लाह्या आणि ताकातल्या कण्या यांनी पथ्याची गरज भागवली. मावळ-मुळशीकडे आंबेमोहोर होता आणि त्याने घराला एक पेच घातला. नव्या आंबेमोहोराला मोहोराचा घमघमाट असतो, पण तो चिकट शिजतो. वर्षभर कणगीत राहिला की वास उतरतो आणि दाणा सुटा होतो. पाहुण्याला नवा आणि आजाऱ्याला जुना, असा त्यावरचा तोडगा. पोटासाठी जिभेने माघार घ्यावी, हा शहाणपणा त्यात आहे.

जुना तांदूळ वेगळा का शिजतो, याचे उत्तर दाण्याच्या आत मिळते. साठवणीत दाण्यातील स्टार्च आणि प्रथिने यांची घडण हळूहळू बदलते. मग शिजताना दाणा अधिक पाणी शोषतो, फुलतो, पण फुटून लगदा होत नाही. पाण्यात उतरणारा चिकट अंशही कमी असतो. यावरून नवा तांदूळ अपायकारक ठरत नाही. जुन्या वैद्यांनी जडपणा म्हणून जे टिपले, त्याला निदान स्वयंपाकघरात तपासता येणारा आधार आहे, एवढे खात्रीने म्हणता येते.

गिरण्या आल्या आणि निवडीची कसोटी बदलली. पांढरा, गुळगुळीत, पॉलिश केलेला दाणा उत्तम ठरू लागला. जावा बेटावर क्रिस्टियान आइकमन यांनी १८९०च्या दशकात पाहिले की, पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार जडतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. उकड्या तांदळाच्या मुलखांत हा आजार क्वचित दिसे, कारण भात सालीसकट भिजवून उकडताना कोंड्यातले ब जीवनसत्त्व दाण्यात शिरते आणि नंतर सडला तरी बरेचसे टिकते. कोकणातली जाडी, तांबूस पेज शहरी पाहुण्याला गावठी वाटली असेल, पण पोषणात ती पांढऱ्या भाताला मागे टाकणारी होती. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले आणि हातसडीच्या तांदळाचा प्रचार हा त्यातला ठळक भाग होता. नाजूक पोटाला मात्र बिनसडीचा तांदूळ सोसत नाही. कोंड्याचा तंतू त्याला जड जातो, म्हणून दुखणे ताजे असताना सडलेला आणि अंगी बळ येऊ लागल्यावर हातसडीचा किंवा उकडा, ही वाटणी अधिक न्याय्य आहे.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रोग्यांना पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. लहान आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना सोबत मीठ आणि पाणीही ओढून नेते, हे त्यामागचे कारण. पुढे ढाक्यातील संशोधकांनी ग्लुकोजऐवजी लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम तांदळाचे पीठ शिजवून वापरले. कॉलऱ्यात त्याने जुलाबाचे प्रमाण आणखी कमी झाले, कारण पिठातले स्टार्च आतड्यात टप्प्याटप्प्याने सुटते. ओर्ताने नोंदवलेल्या तांदळाच्या पाण्यात मिठाचे माप जमून आले की ते खरोखरच औषध होते.

आता पथ्याच्या भाताला अनेक घरांत इंद्रायणी वापरला जातो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून ही जात तयार झाली. अस्सल आंबेमोहोराचे पीक कमी येते, उंच रोप वाऱ्यापावसात लोळते, त्यामुळे बाजारात त्याच्या नावाने दुसराच बारीक, सुवासिक दाणा विकला जातो. दिवाळीनंतर नवा माल येऊ लागला की पारखी गिऱ्हाईक तांदूळ मुठीत घेऊन पाहते. जुना असेल तर तळहाताला बारीक भुकटी लागते, दाण्यावर किंचित पिवळसर झाक दिसते आणि तो दाताखाली कट्कन तुटतो. असा तांदूळ किलोमागे थोडा महाग पडतो, कारण दुकानदाराने तो वर्षभर किडीपासून जपलेला असतो आणि वाळून त्याचे वजनही घटलेले असते.