गाळाची बखर

निसर्ग आणि इतिहास यांना परस्परांसमोर उभे करण्याची सवय आपल्या साहित्यविचारात खोलवर रुजलेली आहे. जे आपोआप घडते तो निसर्ग, माणसाने घडवला तो इतिहास. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर मात्र ही विभागणी टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधला गेला. हेतू सिंचनाचा होता, पक्ष्यांचा नव्हे. परंतु प्रवाह मंदावला की गाळ वाहून नेण्याची त्याची शक्तीही क्षीण होते. दर पावसाळ्यात पुराने आणलेली माती बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बसत गेली. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे वर आली, काठाशी पाणकणीस माजले. सिंचनाच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पण याच तोट्यातून पाणथळ भूमी जन्मास आली. संस्कृत काव्यात विरहाचे प्रतीक ठरलेला चक्रवाक आज हिवाळ्यात येथे उतरतो, तो या गाळाच्या आधाराने.

पुढे वरच्या खोऱ्यात दारणा (१९१६) आणि गंगापूर (१९६५) ही धरणे झाली. त्यामुळे येथील पाण्याची पातळी केवळ ऋतूंच्या नव्हे, तर कालव्यांच्या आवर्तनांच्याही तालावर चढू-उतरू लागली. १९८६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य घोषित झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. बंधाऱ्याची उणीव अशा रीतीने वारसा ठरली.

प्रश्न येथेच सुरू होतो. आपण जतन करावयाचे ते नेमके कोणत्या वर्षाचे नांदूर मध्यमेश्वर? गाळ साचतच राहिला तर उथळ पाण्याची हळूहळू जमीन होईल. तो सरसकट उपसला तर शेतकऱ्याला साठा परत मिळेल, पण चिखलात अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांचा आधार जाईल. शहरांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांवर जलपर्णी पोसली जाते. तिच्या दाट थराखाली पाण्यातील प्राणवायू घटतो. येथे ‘जैसे थे’ अशी अवस्थाच नाही.

एखाद्या ग्रंथाची मूळ संहिता शोधावी तसा येथील ‘मूळ निसर्ग’ शोधू गेल्यास हाती वाहती नदी लागेल. पाणथळ लागणार नाही. या संहितेचे कर्ते अनेक आहेत : पूर, गाळ, अभियंते, शेतकरी, वनखाते. लेखन अद्याप थांबलेले नाही. म्हणून किती पाणी, केव्हा आणि कोणासाठी सोडावयाचे, हा प्रश्न व्यवस्थापनाचा तर आहेच. परंतु या लेखनात आपलाही हात आहे, ही कबुली त्याआधी द्यावी लागेल.