मोनार्क की प्लेन टायगर? सारखी दिसणारी दोन फुलपाखरे

नारिंगी पंख, काळी किनार आणि तिच्यावर पांढरे ठिपके. असे फुलपाखरू बागेत दिसले की त्याचा फोटो अनेकदा 'मोनार्क' म्हणून शेअर केला जातो. पण मोनार्क मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते आढळत नाही. आपल्याकडे दिसते ते बहुधा त्याचे भाऊबंद, प्लेन टायगर ऊर्फ बिबळ्या कडवा. आशिया आणि आफ्रिकेत ते सर्रास दिसते. इजिप्तमधील नेबामुनच्या थडग्यातील सुमारे 3,400 वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रातही ते आहे.

ओळखायचे कसे?

मोनार्क मोठे असते. त्याचे पंख पसरले की सुमारे 9 ते 10 सेंमी भरतात, तर प्लेन टायगरचे 7 ते 8 सेंमी. मोनार्कच्या पंखांवर जाड काळ्या शिरा असतात. प्लेन टायगरचा नारिंगी भाग साधा असतो आणि मागच्या पंखांच्या मध्यभागी मोजके काळे ठिपके असतात. भारतात काळ्या शिरांचे नारिंगी फुलपाखरू दिसले, तर ते स्ट्राइप्ड टायगर असण्याची शक्यता जास्त. सुरवंटांमध्येही फरक आहे: मोनार्कच्या अंगावर काळ्या तंतूंच्या 2 जोड्या असतात, प्लेन टायगरच्या 3.

प्रवासात फरक, खाण्यात साम्य

शरद ऋतूत कॅनडा आणि पूर्व अमेरिकेतील मोनार्क हजारो किलोमीटर उडून मध्य मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढतात. प्लेन टायगर एवढ्या मोठ्या प्रवासासाठी ओळखले जात नाही.

दोघांचे सुरवंट मात्र चीक असलेल्या, एकाच कुळातल्या झाडांवर वाढतात. मोनार्कला मिल्कवीड लागते; प्लेन टायगरची आवडती झाडे म्हणजे मारुतीला वाहतात ती रुई आणि तिच्या जातभाई वनस्पती. चिकातले विष शरीरात साठत असल्याने पक्षी त्यांना सहसा टाळतात. डॅनाइड एगफ्लायची मादी तर प्लेन टायगरसारखी दिसूनच जीव वाचवते.

धोका कोणाला?

अमेरिकेत शेतांतील तणनाशकांमुळे मिल्कवीड घटले. मोनार्क कमी होण्यामागचे ते एक मोठे कारण मानले जाते. आययूसीएनने स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला 2022 मध्ये 'संकटग्रस्त' ठरवले, तर 2023 मध्ये 'असुरक्षित' गटात टाकले. प्लेन टायगर आज विपुल आहे. रस्त्याकडेची, पडीक जमिनीवरची रुई त्याच्या सुरवंटांना पोसते. कचरा समजून ती सरसकट उपटली, तर त्या परिसरात अंडी घालायला त्याला जागा उरत नाही.