हिंगोली–लिव्हिंग्स्टन हवाई अंतर

हिंगोली–लिव्हिंग्स्टन हवाई अंतर : महाराष्ट्रातील हिंगोली आणि अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील लिव्हिंग्स्टन यांच्यामधले भूपृष्ठावरील लघुतम अंतर. ते सुमारे १४,३०० किमी. भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो उत्तरेकडे चढत ७७ अंश अक्षांशापर्यंत, थेट आर्क्टिक प्रदेशात पोचतो आणि मग खाली उतरतो. दोऱ्याचाच मार्ग जवळचा. ताशी ९०० किमी. वेगाने या अंतराला भागले की उड्डाणवेळ जवळपास १६ तास येते. ही किमान मर्यादा म्हणून ठीक आहे, प्रवासाची वेळ म्हणून नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला विमानतळ नाही. प्रवाशाला आधी नांदेड, हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागते, पुढे विमाने बदलावी लागतात, आणि समोरून येणारे वारे व बंद हवाई हद्दी वेळ आणखी वाढवतात.

मग ज्या मार्गावर थेट विमानच नाही त्याचे अंतर कोशात कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात आहे. नागनाथाच्या ज्योतिर्लिंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा ठरली आहे, आणि लिव्हिंग्स्टनला तशीच वेधशाळा चालू आहे. गुरुत्वीय लहर पृथ्वीच्या आरपार जाते, त्यामुळे तिच्यासाठी कमानीचे नव्हे, पोटातून जाणारे सरळ अंतर मोजायचे : सुमारे ११,५०० किमी. प्रकाशाच्या वेगाने ते कापायला जास्तीत जास्त ३८ मिलिसेकंद लागतात. पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन ही दोन केंद्रे ३,००० किमी. अंतरावर असताना तिसरे इतक्या लांब का, हा प्रश्नही रास्त आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली लहर आधी लिव्हिंग्स्टनला आली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. पण दोन ठिकाणच्या वेळेतील फरकावरून आकाशात फक्त एक कडे आखता येते. उगम त्या कड्यावर नेमका कुठे, ते कळत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतील व्हर्गो वेधशाळा सोबतीला होती, तेव्हा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा सुमारे २८ चौरस अंशांत बांधता आली आणि दुर्बिणींना तो स्रोत सापडला. केंद्रे जितकी दूर तितका वेळेचा फरक मोठा आणि दिशा अधिक नेमकी. प्रवाशाला जाचणारे हे अंतर वेधशाळेचे भांडवल आहे, आणि म्हणूनच ते नोंदवायला हवे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या वेधशाळेसाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले; तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या असतील.