हॅमस्टरचं मूळ गाव

पिंजऱ्यातल्या चाकावर गरागरा पळणारा सोनेरी हॅमस्टर पाहिलाय? त्याचं मूळ गाव फार लांब आहे. सीरिया देशात अलेप्पो नावाचं शहर आहे, त्याच्याजवळचं गव्हाचं शेत!

१९३० साली जेरुसलेममध्ये सॉल ॲडलर हे शास्त्रज्ञ काळा आजारावर संशोधन करत होते. हा आजार आपल्याकडे बिहार-बंगालमध्येही पुष्कळ माणसांचा जीव घ्यायचा. प्रयोगासाठी त्यांनी चिनी हॅमस्टर आणले, पण त्यांना पिंजऱ्यात पिल्लंच होईनात. मग सीरियातला हॅमस्टर शोधायचं काम त्यांनी इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञांवर सोपवलं.

तिथल्या शेतकऱ्यांना हा प्राणी चांगलाच माहीत होता. त्यांचा गहू तोच तर पळवायचा! १२ एप्रिलला मजूर खणायला लागले. खणता खणता उभ्या पिकाची पार नासाडी झाली. अखेर सुमारे अडीच मीटर खोल एक घरटं सापडलं. आत एक आई आणि अकरा पिल्लं. घाबरलेल्या आईने एका पिल्लाला चावून मारलं. हॅमस्टरची आई फार घाबरली की कधी कधी असं करते. उरलेली दहा वाचावीत म्हणून अहारोनींनी आईलाच मारलं. मला ते अजून पटत नाही. पुढे त्यांनी आणि त्यांच्या बायकोने ती इवलीशी पिल्लं हाताने दूध पाजून जगवली.

पण पिल्लं भारी उद्योगी! पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून काही पळालीच. थोडीच उरली, तरी वर्षभरात त्यांची दीडशे झाली. हॅमस्टरची आई सोळा दिवसांत बाळंत होते ना! १९३१मध्ये ॲडलरनी काही हॅमस्टर चक्क कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले. प्रयोगशाळांतून ते पुढे घराघरांत पोचले. आज पाळलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एकाच बिळातल्या भावंडांचे वंशज आहेत.

सवयी मात्र शेतातल्याच राहिल्या. गालांच्या पिशव्यांत दाणे कोंबायचे आणि कोपऱ्यात नेऊन साठवायचे. राहायचं एकट्याने. दोन मोठे सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले, तर जबर मारामारी होते. एक गोष्ट तेवढी बदलली. पिंजऱ्यातले हॅमस्टर रात्री जागतात, पण शास्त्रज्ञांनी तुर्कस्तानातल्या शेतांत पाहिलेल्या माद्या दिवसाउजेडी दाणे गोळा करत होत्या.