स्पॅम फिल्टर

स्पॅम फिल्टर म्हणजे ईमेल खात्यावर येणाऱ्या संदेशांतून नकोसे, घाऊक प्रमाणात पाठवलेले संदेश (स्पॅम) ओळखून वेगळे काढणारी संगणकप्रणाली होय. संशयित संदेश सहसा लगेच नष्ट न करता 'स्पॅम' नावाच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवले जातात.

इतिहास

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे गॅरी थर्क यांनी अर्पानेटच्या सुमारे ४०० वापरकर्त्यांना नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. हे पहिले ज्ञात स्पॅम मानले जाते. 'स्पॅम' हे मुळात डबाबंद मांसाचे व्यापारी नाव आहे. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या १९७० मधील प्रहसनात हा शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की, बाकीचे संभाषण त्यात बुडून जाते; त्यावरून नकोशा संदेशांना हे नाव पडले.

कार्यपद्धती

आरंभीचे फिल्टर ठरावीक शब्द शोधत. शब्दांची अक्षरे बदलून त्यांना चकवणे सोपे होते. १९९८ मध्ये मेहरान सहामी व सहकाऱ्यांनी बेझच्या प्रमेयावर आधारित पद्धत मांडली. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या 'अ प्लॅन फॉर स्पॅम' या लेखामुळे अशी पद्धत लोकप्रिय झाली. तीत आधी वर्गीकृत केलेल्या संदेशांवरून प्रत्येक शब्दाचे वजन ठरते. उदाहरणार्थ, १०० स्पॅम संदेशांपैकी ४० मध्ये आणि १०० वैध संदेशांपैकी २ मध्ये 'बक्षीस' हा शब्द आढळला, तर दोन्ही प्रकारचे संदेश समप्रमाणात येत असल्यास तो शब्द असलेला संदेश स्पॅम असण्याची संभाव्यता ४०/४२, म्हणजे सुमारे ९५ टक्के असते. मात्र निर्णय एकाच शब्दावर न होता अनेक शब्दांच्या एकत्रित संभाव्यतेवर होतो. त्यामुळे शाळेच्या बक्षीस समारंभाचे निमंत्रण सुटू शकते.

यासोबत प्रेषकाचीही पडताळणी होते. पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनने अधिकृत केलेला आहे का, हे एसपीएफ तपासते, तर डीकेआयएम संदेशावरील अंकीय स्वाक्षरी पडताळते. यातून प्रेषकाचे डोमेन सिद्ध होते, हेतू नव्हे.

चुका

फिल्टरच्या चुका दोन प्रकारच्या असतात. स्पॅम निसटून आत आल्यास वापरकर्त्याला ते दिसते व पुसता येते. वैध संदेश अडकल्यास मात्र तो आला होता, हेच अनेकदा कळत नाही. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र असे हुकल्यास त्याची भरपाई होत नाही. म्हणूनच ग्रॅहम यांनी आपल्या गणनेत वैध संदेशांतील शब्दांची संख्या दुप्पट धरली होती. जीमेलमध्ये स्पॅम कप्प्यातील संदेश ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात; त्याआधी कप्पा तपासणे हिताचे ठरते. अडकलेल्या संदेशावर 'स्पॅम नाही' अशी खूण केल्यास फिल्टरला पुढील वर्गीकरणासाठी माहिती मिळते.

कायदा

अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार व्यावसायिक ईमेलसाठी पूर्वसंमती लागत नाही. यादीतून नाव काढून घेण्याची सोय देणे मात्र बंधनकारक आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यावसायिक दूरध्वनी व लघुसंदेशांपुरते आहेत.